ओसरायला तयार नसलेला पूर: मॅटप्लॉटलिबचे आलेख का बिघडतात

भाचीच्या आलेखात विश्वामित्री नदीचा पूर ओसरलाच नव्हता.

२०२४च्या ऑगस्टअखेर बडोद्यात पाणी भरलं, तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर दोनच गोष्टी येत होत्या: मगरींचे व्हिडिओ आणि काळाघोड्याच्या पुलापाशी नदीची पातळी किती झाली याचे आकडे. दर तासा-दोन तासांनी कोणीतरी आकडा टाकायचं. पातळी ३५ फुटांच्या वर गेली आणि मग हळूहळू उतरली, ते सगळं आम्ही त्या मेसेजवरच मोजत बसलो होतो. भाची एमएस्सीला आहे, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा नुकतीच शिकतेय. सरावाला हेच घेऊ म्हणून तिनं ते मेसेज एक्सेलमध्ये उतरवले, मॅटप्लॉटलिब या पायथनच्या लायब्ररीत (आलेख काढायच्या तयार आज्ञांचा संच) आलेख काढला आणि मला फोन केला. "आत्या, लायब्ररी बिघडलीय. रेघ नुसती चढतेच आहे, खाली यायलाच तयार नाही."

मी एका लॅबमध्ये काम करते. यंत्रांतून येणाऱ्या आकड्यांचे आलेख काढणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे घरात कोणाचाही आलेख बिघडला की फोन मला येतो. रविवारी तिला दांडिया बाजारात घरी बोलावलं, सेवउसळ आणली आणि लॅपटॉप उघडला. त्या दुपारी निघालेले बिघाड आणि त्यांच्यासारखेच मला वरचेवर भेटणारे काही, असं सगळं इथे लिहितेय. आज्ञांची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टाइप अर्थातच रोमनमध्ये करायची.

आधी त्या चढत्या रेघेचं. तिच्या आलेखाचा डावा अक्ष म्हणजे काळाकुट्ट पट्टा झाला होता, पन्नास-साठ आकडे एकावर एक. मोठं करून पाहिलं तर खालून वर जाताना ३३, त्याच्या वर ३५, आणि ३५च्या वर ३४! ३४ हा आकडा ३५च्या वर बसलाच कसा? सगळी गोम तिथेच होती.

तिनं एक्सेलच्या रकान्यात नुसता आकडा न लिहिता मेसेजमध्ये होतं तसं '३४ फूट' लिहिलं होतं. आपल्याला तो आकडा दिसतो, संगणकाला तो मजकूर दिसतो. आणि मॅटप्लॉटलिबला अक्षासाठी मजकूर दिला की ते त्याला नावांची यादी समजतं, आंबा, पेरू, चिकू असावेत तशी. पहिलं नाव ०व्या जागी, दुसरं नवीन नाव १ल्या, तिसरं २ऱ्या. ज्या क्रमानं नावं पहिल्यांदा भेटली त्याच क्रमानं ती अक्षावर चढत जातात. समजा वाचनं २४, २८, ३३, ३५, ३४, ३० अशी आली. आकडे म्हणून काढली तर रेघ चढेल आणि उतरेल. मजकूर म्हणून काढली तर जागा होतात ०, १, २, ३, ४, ५. रेघ सरळ वर. पाणी उतरताना जो आकडा चढतानाही नेमका येऊन गेला होता, तेवढ्या ठिकाणी रेघ खाली आपटून पुन्हा वर जात होती. भाचीला त्या खाचा म्हणजे नोंदींतल्या चुका वाटत होत्या. खरं तर अख्ख्या रेघेत तेवढीच दोन-चार ठिकाणं होती जिथे रेघ पाणी उतरल्याचं कबूल करत होती.

मला या लायब्ररीचा राग येतो तो इथे. ती नाही म्हणत नाही. तोच तक्ता पांडाजच्या (तक्ते वाचणारी-हाताळणारी पायथनची दुसरी लायब्ररी) स्वतःच्या 'प्लॉट'ला दिला असता आणि त्यात एकही आकड्यांचा रकाना सापडला नसता, तर त्यानं 'नो न्यूमेरिक डेटा टू प्लॉट' म्हणून काम थांबवलं असतं. मॅटप्लॉटलिब मुकाट्यानं चित्र काढून हातात देतं. चित्र आलंच नाही तर आपण शोधाशोध तरी करतो. आलेलं चुकीचं चित्र मात्र थेट प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये जाऊन बसतं. म्हणून माझी सवय अशी: रेघेकडे बघायच्या आधी अक्षांवरचं वाचून काढायचं.

उपाय सोपा आहे. तक्ता वाचून झाला की 'डीटाइप्स', म्हणजे रकान्यांचे प्रकार, छापून बघायचं. आकड्यांच्या रकान्यासमोर 'फ्लोट' (दशांश) किंवा 'इंट' (पूर्णांक) दिसलं पाहिजे. ते दिसत नसेल तर रकान्यात कुठेतरी मजकूर शिरलाय, मग तो एकाच खान्यात का असेना. एक खाना संपूर्ण रकाना नासवतो. 'फूट' हा शब्द 'रिप्लेस'नं काढायचा आणि 'टू न्यूमेरिक' लावायचं. त्यात 'एरर्स'ला 'कोअर्स' दिलं तर जे आकड्यात बदलत नाही ते रिकामं होतं. मात्र किती खाने रिकामे झाले ते मोजल्याशिवाय पुढे जायचं नाही. आमचे चार झाले. एकात 'पातळी स्थिर' असं लिहिलेलं होतं, तीन खरंच कोरे होते. एका काकांनी देवनागरी अंकांत लिहिलं होतं, त्याची भाचीला फार काळजी होती. पण पायथनचं साधं 'फ्लोट' देवनागरी अंक नीट वाचतं, '३४.५' दिलं तर त्याला तो चौतीस पूर्णांक पाच दशांशच कळतो. तेवढे खाने त्यानंच बदलून घेतले.

रिकाम्या खान्यांचा आलेखावर एक परिणाम होतो. रेघ तिथे तुटते. आणि दोन रिकाम्या खान्यांच्या मधे एकटंच वाचन अडकलं तर ते दिसतच नाही, कारण रेघ काढायला दोन बिंदू लागतात. 'माझा आलेख कोरा येतो' अशा तक्रारींपैकी बऱ्याच एवढ्याशाच असतात. 'मार्कर'ला छोटं ओ अक्षर दिलं की ठिपके उमटतात आणि एकटा पडलेला बिंदू सापडतो.

आपल्याकडचा दुसरा नेहमीचा मजकूर म्हणजे स्वल्पविराम. '१,२५,०००' हे आपल्या डोळ्यांना सव्वा लाख, पांडाजला मजकूर. सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) वाचतानाच 'थाउजंड्स'ला स्वल्पविराम दिला की काम होतं. आपले लाख-कोटीचे स्वल्पविराम पाश्चात्य पद्धतीसारखे दर तीन अंकांनी नसले तरी चालतं. रुपयांच्या आलेखात आणखी एक गंमत होते. अक्षावर ०.५, १.०, १.५ असे आकडे आणि वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत '१ई७'. वाचणाऱ्याची नजर तिथे जात नाही आणि तो कोटींना रुपये समजतो. एकावर सात शून्यं म्हणजे आपला एक कोटीच की! आधीच कोटीनं भागायचं आणि अक्षाला 'रुपये (कोटी)' असं नाव द्यायचं.

आता तारखा. पांडाज ०५/०९ ही तारीख वाचताना आधी महिना धरतं. आपल्यासाठी ती ५ सप्टेंबर, त्याच्यासाठी ९ मे. रकान्याची सुरुवात २७/०८ अशा तारखेनं झाली तर २७ हा महिना असू शकत नाही हे त्याला कळतं आणि बाकीच्या तारखाही ते दिवस-आधी धरून वाचतं. पण तुमचा रकाना १ ते १२ सप्टेंबरचाच असेल तर ०१/०९ होते ९ जानेवारी, ०२/०९ होते ९ फेब्रुवारी, असं करत १२/०९ पोचते ९ डिसेंबरला. बारा दिवस वर्षभर पसरतात, तेही सारख्या अंतरानं, त्यामुळे आलेख अगदी शहाण्यासारखा दिसतो. कुठे काही तक्रार नाही. 'डेफर्स्ट'ला 'ट्रू' द्या, किंवा त्याहून बरं म्हणजे 'फॉरमॅट'मध्ये दिवस-महिना-वर्ष असा साचा स्वतः लिहून द्या, म्हणजे साच्यात न बसणारी तारीख आली की ते अडेल. अडलेलं मला चालतं.

तारीख मजकूरच राहिली तर आडव्या अक्षावर तोच आंबा-पेरूचा प्रकार. सगळ्या तारखा एकमेकींवर चढतात, आणि मधले दोन दिवस वाचन नसलं तरी अंतर तेवढंच दिसतं. लेबलं तिरकी करून हा रोग झाकणारे मी पुष्कळ पाहिलेत. 'टू डेटटाइम' केल्यावर अक्ष आपणहून मोजक्या तारखा दाखवतो.

आणि रेघ मागेपुढे धावत जाळं विणत असेल तर बहुतेक नोंदी क्रमानं नाहीत. मॅटप्लॉटलिब बिंदू जोडतं ते तक्त्यातल्या क्रमानं, वेळेच्या क्रमानं नाही. फॉरवर्ड झालेले मेसेज उशिरा पोचतात, तसे आमच्याही तक्त्यात तीन ओळी मागेपुढे होत्या. 'सॉर्ट व्हॅल्यूज' लावलं, जाळं सुटलं. (या सॉर्टनं पुढे आम्हाला गोत्यात आणलं, ते शेवटी सांगते.)

रेघ सुधारली तशी भाचीनं फाइल सेव्ह केली आणि उघडली, तर पांढरा कागद. हा बिघाड मला महिन्यातून एकदा तरी कोणीतरी दाखवतंच. 'शो' आधी आणि 'सेव्हफिग' नंतर, एवढंच झालेलं असतं. पण असं का होतं हे समजलं की आणखी तीन-चार कोडी आपोआप सुटतात, म्हणून जरा थांबून सांगते.

मॅटप्लॉटलिब लिहिलं जॉन हंटर या मेंदूविज्ञान संशोधकानं. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत-संकेत त्याला संगणकावर बघायचे होते. पहिली आवृत्ती २००३ सालची. त्याच्या हाताला मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरची सवय होती, म्हणून त्यानं आज्ञा मॅटलॅबच्याच वळणावर बेतल्या. त्या वळणात 'कुठल्या कागदावर काढू' हे सांगावं लागत नाही. समोर एक चालू कागद आहे असं गृहीत धरलेलं असतं, आणि 'पीएलटी'नं सुरू होणारी प्रत्येक आज्ञा त्या चालू कागदावर चालते. कागद नसेल तर नवा कोरा घेतला जातो, कोणाला न विचारता. हंटर २०१२ साली गेला, लायब्ररी बरीच वाढली, पण ही सवय तशीच राहिली.

आता बघा. 'शो' म्हटल्यावर खिडकी उघडते, आपण चित्र बघतो, खिडकी बंद करतो. त्याबरोबर तो कागदही टाकून दिला जातो. मग 'सेव्हफिग' म्हणतं, चालू कागद कुठाय? नाही? मग हा घ्या नवा. आणि कोरा कागद इमानेइतबारे सेव्ह होतो. जुपिटर नोटबुकमध्येही (तिथे कोड सेल नावाच्या तुकड्यांत चालवतात) तसंच, एका सेलमध्ये काढायचं आणि पुढच्या सेलमध्ये सेव्ह करायचं म्हटलं की कागद आधीच उचललेला असतो.

याच्या नेमकं उलटं म्हणजे कागद बदललाच जात नाही. लूपमध्ये, म्हणजे त्याच आज्ञा पुन्हापुन्हा चालवून, दहा आलेख काढले, आणि दहाव्या चित्रात मागच्या नऊच्या रेघाही आल्या. कारण तुम्ही नवा कागद मागितलाच नाही. बरं, दर वेळी नवा मागितला आणि जुना बंद केला नाही, तर विसाच्या पुढे गेल्यावर इशारा येतो आणि मेमरी भरत राहते. 'क्लोज' म्हणायला लोक विसरतात.

यावर माझं ठाम मत: 'सबप्लॉट्स' म्हणून कागद आणि चौकट दोन्ही सुरुवातीलाच नावानिशी मागून घ्यायचे, 'फिग' आणि 'एएक्स'. पुढे रेघ 'एएक्स'वर काढायची, सेव्ह 'फिग'ला करायचं. चालू कागद कुठला हा प्रश्नच उरत नाही. शिकवणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून हेच शिकवावं असं मला वाटतं. दोन शब्द जास्त टाइप करावे लागतात म्हणून मुलं कुरकुरतात, करू देत.

सेव्ह झालेलं चित्र धूसर दिसतं, ही पुढची तक्रार. कागद ठरलेला ६.४ इंच रुंद आणि ४.८ इंच उंच असतो, इंचाला १०० ठिपके. म्हणजे ६४० बाय ४८० पिक्सेल. फोनवर ठीक, छापल्यावर फिसकटलेलं. इथे बहुतेक जण 'फिगसाइज' वीस बाय पंधरा करतात. चित्र मोठं होतं, पण अक्षरांचं माप पॉइंटमध्ये असतं, इंचाचा बहात्तरावा भाग, आणि ते कागदाबरोबर वाढत नाही. मग ते दांडगं चित्र रिपोर्टच्या पानात कोंबलं की अक्षरं मुंगीएवढी होतात. चित्र पानावर जेवढ्या रुंदीत छापायचं तेवढंच 'फिगसाइज' ठेवा आणि 'डीपीआय' (इंचाला ठिपके) ३०० करा. तोच कागद १९२० बाय १४४० पिक्सेलचा होतो आणि अक्षरं जागच्या जागी राहतात. कडेची नावं कापली जात असतील तर 'सबप्लॉट्स'मध्ये 'लेआउट'ला 'कन्स्ट्रेन्ड' द्यायचं.

किरकोळ गोष्टी भराभर सांगते. 'लेजंड' (कुठली रेघ कशाची हे सांगणारी सूची) रिकामं येतं कारण रेघ काढताना 'लेबल' दिलेलं नसतं. सर्व्हरवर खिडकी उघडत नाही कारण तिथे पडदाच नाही. मॅटप्लॉटलिब 'ॲग' नावाच्या चित्रकाराकडे काम देतं, त्याला फक्त फाइल बनवता येते, तेव्हा 'शो'चा नाद सोडून सेव्ह करा. इन्स्टॉल केलेली लायब्ररी सापडत नसेल तर मशीनवर दोन पायथन आहेत आणि लायब्ररी इन्स्टॉल करणाऱ्या पिपनं दुसऱ्याच्या घरात सामान टाकलंय. 'पायथन -एम पिप' असं म्हणून त्याच पायथनला कामाला लावा. आणि आपल्या फाइलला 'मॅटप्लॉटलिब.पीवाय' असं नाव कधीही देऊ नका. पायथन आधी त्याच फोल्डरात बघतो, त्याला तुमचीच फाइल सापडते, आणि 'इज नॉट अ पॅकेज' किंवा 'सर्क्युलर इम्पोर्ट' अशी एरर येते. भाचीच्या पहिल्या फाइलचं नाव काय होतं हे मी सांगणार नाही असं कबूल केलंय.

पाऊस आणि पातळी एकाच चौकटीत काढायची होती तिला. पाऊस मिलिमीटरमध्ये शेकड्यांत, पातळी फुटांत तीस-पस्तीस, म्हणजे पातळीची रेघ तळाशी झोपणार. 'ट्विनएक्स'नं उजवीकडे दुसरा अक्ष लावता येतो, पण दोन रेघा कुठे छेदतात ते मापपट्टीवर ठरतं आणि बघणारा त्या छेदाला अर्थ लावतो. मला ते आवडत नाही. खाली-वर दोन चौकटी, 'शेअरएक्स' देऊन.

मग आला मराठीचा प्रश्न. आलेख घरच्या ग्रुपवर जायचा, म्हणजे शीर्षक मराठीतच हवं. भाचीनं 'विश्वामित्रीची पातळी' लिहिलं आणि चौकोनांची माळ आली. सोबत इशारा, 'ग्लिफ २३५७ मिसिंग'. २३५७ हा 'व'चा युनिकोडमधला क्रमांक. मॅटप्लॉटलिब डेजावू सॅन्स हा फॉन्ट घेऊन येतं आणि त्यात देवनागरी नाही. नोटो सॅन्स देवनागरी उतरवून घेतला, तरी चौकोनच, कारण फॉन्टची यादी लायब्ररीनं पूर्वीच करून ठेवलेली असते आणि ती तीच वाचत बसते. 'फॉन्टमॅनेजर'च्या 'ॲडफॉन्ट'ला फाइलचा पत्ता दिला आणि 'फॉन्ट डॉट फॅमिली' बदललं, तेव्हा अक्षरं उमटली.

उमटली, पण कशी? 'वि'ची वेलांटी 'व'च्या उजवीकडे लोंबकळत होती आणि 'श्वा' न जुळता पाय मोडलेला 'श' आणि शेजारी सुटा 'वा'. भाची हसायला लागली. हा फॉन्टचा दोष नाही. संगणकात 'वि' साठवताना आधी 'व' आणि मग वेलांटी ठेवलेली असते, उच्चाराच्या क्रमानं. दाखवताना वेलांटी उचलून डावीकडे न्यायची, जोडाक्षर जुळवायचं, हे वेगळं काम आहे आणि ते ब्राउझर करतो, फोन करतो. आमच्या मशीनवरच्या मॅटप्लॉटलिबमध्ये ते काम करणारं कोणी नव्हतं. ते बिचारं साठवलेली अक्षरं एकामागून एक मांडत जात होतं. इंग्रजीला तेवढं पुरतं.

यावर 'एमपीएलकायरो' हा वेगळा चित्रकार लावता येतो किंवा झीलाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीकडून अक्षरं जुळवून घेता येतात. दोन्हींची मांडामांड मोठी आहे. मी करते ते असं: 'एसव्हीजी डॉट फॉन्टटाइप'ला 'नन' द्यायचं आणि फाइल एसव्हीजीमध्ये (रेघा आणि आकृत्यांच्या रूपातलं चित्र) सेव्ह करायची. एरवी एसव्हीजीतही अक्षरांच्या नुसत्या आकृत्या जातात, मोडक्या त्या मोडक्याच. 'नन' दिलं की मजकूर मजकूर म्हणूनच जातो. मग ती फाइल इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची. अक्षरं जुळवायचं काम तो करतो, आपण तिथून पीएनजी काढून घ्यायची. तो फॉन्ट त्या मशीनवर असला पाहिजे एवढंच. कधी शीर्षक इंचभर सरकलेलं असतं, ते हातानं ओढून घ्यायचं.

संध्याकाळी साडेसहाला आलेख तयार झाला. 'विश्वामित्रीची पातळी', वेलांटीसकट. चढ, शिखर, उतार, आणि धोक्याच्या पातळीची लाल तुटक रेघ. भाचीनं तो ग्रुपवर टाकला आणि कारेलीबागेत तिच्या आजोबांना, म्हणजे माझ्या बाबांना, फोन करून उघडायला लावला.

बाबांनी चष्मा शोधला, बराच वेळ बघितलं. म्हणाले, "छान काढलाय. पण सोमवारी पहाटे एवढं पाणी दाखवलंय, ते नव्हतं. पहाटे मी दूध आणायला चालत गेलो होतो."

आम्ही फाइल परत उघडली. मध्यरात्रीनंतर आलेली तीन वाचनं, ००:३० वगैरे, भाचीनं सोमवारच्याच तारखेखाली लिहिली होती, कारण जागणाऱ्याचा सोमवार अजून संपलेला नव्हता. सॉर्टनं ती तिन्ही उचलून सोमवारच्या पहाटे नेऊन ठेवली होती, रात्रीच्या पुराचं पाणी सकाळच्या कोरड्या रस्त्यावर. तीन ओळींची तारीख एका दिवसानं पुढे नेली आणि सगळं पुन्हा चालवलं.